उकिरड्यावर ताक ओतून मिथेन थांबत नाही

रावेर-यावलकडच्या शेतकरी गटांत एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: परदेशातल्या आंबट पीट दलदलींत मिथेन (शेण-कचरा कुजताना निघणारा, पृथ्वी तापवणारा वायू) खाणारे जिवाणू सापडलेत. पीट म्हणजे आपलं कोकोपीटच. तर कोकोपीट, आंबट ताक आणि गूळ कालवून उकिरड्यावर ओता, मिथेन बंद. तेच पाणी गोबरगॅसमध्ये टाका, गॅस वाढेल. आणि दलदलीच मिथेन गिळतात, म्हणजे मिथेनची भीती खोटी. आमच्या गल्लीतल्या मावशींनी तर दोन बादल्या ओतूनही टाकल्या, म्हणून लिहायला बसले.

पहिलं वाक्य खरं आहे, आणि फार सुंदर आहे. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्वेतलाना देदिश आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये उत्तरेकडच्या पीट दलदलींतून हे जिवाणू प्रथम वेगळे काढले. त्याआधी प्रयोगशाळेत ते वाढतच नव्हते, कारण नेहमीच्या द्रावणात त्यांच्या मानाने क्षार फार असत. या दलदली पावसाच्या पाण्यावर जगतात, तिथे क्षार नावापुरते. द्रावण पातळ केलं, सामू ५ च्या आसपास ठेवला, तेव्हा ते वाढले. पुढे २००५ मध्ये डच संशोधकांना असे जिवाणू दलदलींतल्या स्फॅग्नम शेवाळाच्या पोकळ, मृत पेशींत सापडले. ते मिथेन जाळतात आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड ते शेवाळच वापरतं.

आता सांगा, ताक-गुळाच्या घट्ट कालवणात असला जीव कसा तगेल?

कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. टिश्यू कल्चरच्या केळीची रोपं ज्यात येतात, तेच. पीट म्हणजे पाण्याखाली हजारो वर्षं अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. नाव सारखं, एवढंच.

ताकातले जिवाणू दुधाची साखर आंबवणारे, वेगळ्याच कुळातले. मिथेनशी त्यांचा संबंध नाही. शिवाय दोन बादल्यांचा आंबटपणा शेण सहज मारून टाकतं. गूळ मात्र कुजवणाऱ्यांचं खाद्य, आणि ढिगाच्या तळाशी हवा नसेल तर त्यातून उलट मिथेनच तयार होतो. मिथेन खाणारे जिवाणू फक्त आंबट मातीतच असतात असंही नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं भाताच्या खाचरांतून मिथायलोक्युक्युमिस ओरायझी हा काकडीच्या आकाराचा जिवाणू वेगळा काढलाय.

गोबरगॅसचा दावा तर स्वतःलाच खोडतो. मिथेन खाणाऱ्यानं गॅस वाढेल कसा? या जिवाणूंना मिथेन फोडायला ऑक्सिजन लागतो. बंद टाकीत तो नसतो, म्हणून तिथे ते काहीच करू शकत नाहीत.

शेवटचा दावा सगळ्यात घातक. पाणथळ जागा हा मिथेनचा सर्वांत मोठा नैसर्गिक स्रोत आहे. खालून येणारा मिथेन आणि वरून येणारी हवा जिथे भेटतात, त्या पातळ थरातच हे जिवाणू काम करतात. पाणी वर चढलं की थर आक्रसतो. काही पाणवनस्पतींच्या पोकळ देठांतून तर गॅस त्यांना चुकवून थेट वर जातो. वीस वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे ८० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. त्याची चिंता अजिबात खोटी नाही.

मावशी, तुमच्या खड्ड्याचं काही बिघडलेलं नाही. पावसाचं पाणी आत साचू देऊ नका, आणि मृगाआधी एकदा ढीग खालवर करून आत हवा जाऊ द्या.