मामा, डबा मोठा होता

भाच्याने बॅग उघडली. वर बदामाची पाकिटं, त्याखाली चॉकलेटं, त्याखाली आईसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्यांची बरणी (तीत इतक्या गोळ्या असतात, की त्या संपेपर्यंत जगायचं आईने मनावर घेतलंय), आणि सगळ्यांत तळाला, मोज्यांच्या दोन जोड्यांमध्ये दाबून बसवलेली एक झिपलॉकची पिशवी. आपण फ्रीजरमध्ये मटार ठेवतो ना, तसली. पिशवीत प्लास्टिकचे तुकडे.

"हे घे तुझं," तो म्हणाला.

"आणि डबा?"

"डबा मोठा होता, मामा. फेकला."

मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसलो. बायकोने पाणी आणून दिलं. भाच्याला वाटलं, पहाटे विमानतळावर आलो त्याचा शीण असेल. त्याने मला एक चॉकलेट दिलं.

ज्यांना हा नाद नाही त्यांना कसं सांगू? समजा, कुणी येवल्याला जाऊन तुमच्यासाठी पैठणी घेतली, आणि येताना काठ-पदर जड होतात म्हणून कापून टाकून नुसतं मधलं कापड आणलं. मॉडेल-किट म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग गोंदाने जोडून करायची छोटी मोटार. जुन्या मॉडेल-किटच्या दुनियेत डबा हा पदर. डब्यावरचं चित्र, त्याचे न दबलेले कोपरे, त्यावर राहून गेलेलं एखाद्या दुकानाचं किमतीचं लेबल, या सगळ्याचे पैसे असतात. नुसते रिकामे डबेसुद्धा विकले जातात आणि शहाणीसुरती माणसं ते विकत घेतात. मी दोन घेतलेत.

आणि हे किट साधं नव्हतं. डेट्रॉइटच्या जो-हान कंपनीने साठच्या दशकात काढलेलं, 1/25 मापाचं (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याचं), क्रायस्लर या अमेरिकन मोटार कंपनीच्या टर्बाइन गाडीचं. सहा वर्षं शोधत होतो. शेवटी मिशिगनमधल्या एका आजोबांकडे सापडलं आणि भाचाही नेमका मिशिगनमध्येच. योग म्हणतात तो हाच, असं मी तेव्हा चारचौघांत बोललोही होतो.

या गाडीची भानगड घरातूनच सुरू झाली. वडील कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेली ती कंपनी क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या जोडायची. पुढे फियाट आली आणि तिचीच पद्मिनी झाली. वडिलांच्या ट्रंकेत एका अमेरिकन मासिकाचं फाटकं पान होतं, त्यावर ही टर्बाइन. विमानासारखं इंजिन बसवलेली मोटार! इंजिनाचे फेरे मिनिटाला चाळीस हजारांच्या पुढे जायचे आणि आवाज म्हणे व्हॅक्यूम क्लीनरसारखा. पण वडिलांना कौतुक होतं ते तिच्या खाण्याचं. डिझेल घाला, रॉकेल घाला, चालतं. वनस्पती तेलावरही चालायची. "शेंगदाणा तेलावर धावते बघ," ते सांगायचे. त्यावर आई म्हणायची, "मग भजी तळायची कशात?" तेव्हा रॉकेलही रेशनवर होतं, त्यामुळे आमच्या घरात ही गाडी दोन्ही बाजूंनी परवडणारी नव्हती.

क्रायस्लरने 1963 पासून अशा 50 गाड्या लोकांना तीन-तीन महिने फुकट वापरायला दिल्या. 203 जणांचा नंबर लागला. बॉड्या इटलीतल्या घिया कंपनीने तयार केलेल्या. प्रयोग संपल्यावर कंपनीने गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक सगळ्या मोडीत काढल्या. आधीचे पाच नमुने धरून एकूण 55 होत्या, आज उरल्यात नऊ. म्हणजे खरी गाडी बघायला मिळणं मुश्कील, घेणं तर सोडाच. राहिलं प्लास्टिकचं किट.

लोक विचारतात, प्लास्टिकच्या खेळण्यात दुर्मिळ काय असायचंय, साचा आहे तर काढा पुन्हा. तिथेच गोम आहे. त्या काळी अमेरिकन कंपन्या दर वर्षीच्या नव्या मोटारीचं किट त्याच वर्षी बाजारात आणायच्या. पुढच्या वर्षी मोटारीचे दिवे बदलले, जाळी बदलली, की नवा साचा कोण करणार? जुन्याच पोलादी साच्यात कापाकापी करून नवं मॉडेल. थोरल्याची पँट उसवून धाकट्याला बेतावी तसं. पँट धाकट्याची झाली की थोरल्याला ती परत कशी मिळणार? त्यात एएमटी कंपनीने 1958 मध्ये 'एकात तीन' किट आणलं: कारखान्यातून निघते तशी जोडा, नटवून जोडा नाहीतर शर्यतीची करा. पोरांनी अर्थातच शर्यतीच्या केल्या, बोटांना गोंद फासून केल्या, आणि कंटाळा आल्यावर आत फटाका ठेवून उडवल्या. त्यातून वाचलेल्या गाड्यांसाठी आता ती पोरं आणि मी एकमेकांवर बोली चढवतो.

माझ्या कपाटात 41 किट आहेत. जोडलेली तीन. हे गणित बायको पाहुण्यांसमोर मांडते. "अहो, वर्षाला एक जोडलं तरी तुम्ही शहाण्णव वर्षांचे व्हाल," असं ती परवा व्याह्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. तिला कळत नाही की न जोडलेलं किट म्हणजे ठेव असते. डब्याचं सील तोडलं की किंमत उतरते, भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला चिकटून येतात तिच्यावरून पहिला भाग कापला की आणखी उतरते, आणि माझ्या हातून पुरं जोडून झालं की जे उरतं त्याला माझी मुलगी 'शोपीस' म्हणते.

या ठेवीचाही एक अनुभव सांगायला हवा. एएमटीचं 1941 च्या प्लिमथचं किट मी अकरा वर्षं सीलबंद ठेवलं होतं. धूळ नाही, ऊन नाही, मुलांचा हात नाही. शेवटी एकदा न राहवून उघडलं. आत टायर विंडशील्डला टेकून बसलेले. जुन्या व्हिनाइलच्या टायरमधून एक तेलकट द्रव पाझरतो आणि तो पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, खातो. टायरने काच खाल्ली होती. अगदी गोल, टायरच्या नक्षीसकट. मी अकरा वर्षं राखण केली ती त्या जेवणाची.

तर आता डबाही नाही आणि सीलही नाही. पिशवीकडे बघत दोन दिवस सुतक पाळलं. तिसऱ्या दिवशी चहा घेताना लक्षात आलं, की हिची किंमत तशीही गेलीच आहे. म्हणजे ही जोडता येईल! इतकं मोकळं मला रिटायर झालो त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

महिना मात्र जुलै होता, आणि गाव डोंबिवली. दमट हवेत लॅकरचा स्प्रे मारला की रंगावर पांढुरकी साय धरते. पहिला हात मारला, बॉडी दूध सांडल्यासारखी. ती घासून काढली. दुसऱ्या वेळी बाथरूमचं दार लावून, केस वाळवायचं मशीन अर्धा तास चालवून, मग रंग दिला. रंगाचं नावच 'टर्बाइन ब्राँझ'. ब्राँझ म्हणजे कासं, म्हणून आईची तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी समोर ठेवून छटा जुळवली. आली ती काशाची वाटी आणि तांब्याचा तांब्या यांच्या बरोबर मधली, पण वाईट नव्हती. धूळ बसू नये म्हणून वर पातेलं पालथं घातलं आणि सगळ्यांना बजावलं, उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

सकाळी पातेलं उचललं. छपराच्या मधोमध अंगठा.

"वाळलाय का बघत होते," आई म्हणाली. वय 84. पापड वाळला का, कुरडई वाळली का, भिंतीचा गिलावा वाळला का, हे तिने आयुष्यभर अंगठ्यानेच ठरवलं आहे. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला यंत्रावर हा अंगठा चार-चारदा दाबूनही उमटत नाही. इथे रेघ न् रेघ उमटली होती. मी घासायला पॉलिश पेपर घेतला. तेवढ्यात ती चष्मा वर करून म्हणाली, "ही ती भज्यांच्या तेलाची गाडी ना रे?"

पॉलिश पेपर ठेवून दिला. छपरावर अंगठा आहे.

मग आरसा. गाडीच्या आतला, मागचं दिसायचा. तांदळाच्या कणीएवढा. चिमट्यात धरला, श्वास रोखला, आणि टिक् असा आवाज झाला. चिमट्यातून उडालेला भाग कुठे जातो यावर जगभरच्या मॉडेलवाल्यांनी विचार केलेला आहे. सरळ खाली पडत नाही एवढंच ठरलं आहे. मी मोबाइलचा टॉर्च लावून फरशीला गाल टेकला.

"काय हरवलं?" बायको.

"आरसा."

"तो काय कपाटाला आहे."

तीन दिवस घरात केर काढू दिला नाही. चौथ्या दिवशी कामाच्या मावशींनी केरसुणी आपटून जाहीर केलं की एकतर आरसा नाहीतर मी. मग तह झाला: केर काढायचा, पण फेकायचा नाही. सगळा केर वर्तमानपत्रावर घेतला आणि बाल्कनीत बसून पिठाच्या चाळणीने चाळला. (चाळणी घेताना बायको आंघोळीला गेली होती. हे तिने अजून वाचलेलं नाही.) चाळणीत राहिलं ते असं: मोहरी, रक्तदाबाची अर्धी गोळी, स्टेपलरची पिन, साबुदाण्याचे चार दाणे, आणि बायकोच्या कुडीची सोन्याची फिरकी, जी दोन वर्षांपूर्वी हरवली होती आणि जिच्यावरून माझ्या आत्यावर घरात अजून संशय आहे.

फिरकी दिली. संध्याकाळी कांदाभजी झाली. आरसा मिळाला नाही तो नाहीच. शेवटी आईच्या गोळ्यांच्या पट्टीचा चंदेरी कागद नखाएवढा कापला, प्लास्टिकच्या चकतीवर चिकटवला आणि बसवला. वीतभर गाडी उभी राहिली. व्याही आले तेव्हा बायकोने स्वतः दाखवली. "चार," ती म्हणाली.

काल रात्री भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे त्याची चार वर्षांची मुलगी जमिनीवर बसून चित्र काढत होती. तिच्या शेजारी खडूंनी भरलेला एक लांबट डबा. त्यावर ब्राँझ रंगाची गाडी.

"अरे! तो डबा!"

"हां, फेकला नव्हता वाटतं. हिने उचलून ठेवलेला. पाहिजे का तुला?"

"पाहिजे म्हणजे? आण! जपून आण! डिसेंबरला येताय ना?"

"मामा, तू टेन्शनच घेऊ नको," तो म्हणाला. "मस्त सपाट घडी घालून आणतो."