‘खेड्यातून सीएमए होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडच्या तालुक्यांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: सीएमए (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट) ही सीए न झालेल्यांची परीक्षा. तरी ती खेड्यातल्या पोराला झेपत नाही, कारण त्याने कारखाना पाहिलेला नसतो आणि इंग्रजी कच्चं असतं. पुण्यात राहून क्लास लावला तरच जमतं. मात्र एकदा क्लास लावला की एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायचे प्रश्न, पाठ करायचे, चाळीस मार्क पडले की पास आणि पुढे नोकरी पक्की. खाली ॲडमिशनसाठी फोन नंबर. आधी घाबरवायचं, मग गिऱ्हाईक करायचं! हे वाचून एखादा बाप पोराला म्हणतो, ‘सोड रे तो नाद’, तर दुसरा वावर गहाण टाकायला निघतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सीए न झालेल्यांची परीक्षा’ हा मुद्दा लवकर निकालात निघतो. सीएचा कायदा १९४९ चा, कॉस्ट अकाउंटंटचा १९५९ चा. दोन संस्था, दोन कामं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४८ खाली ठरावीक उद्योगांतल्या, ठरावीक उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना कॉस्ट ऑडिट, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाची तपासणी, करून घ्यावं लागतं आणि ते फक्त प्रॅक्टिस करणारा कॉस्ट अकाउंटंटच करू शकतो. नुसत्या सीएला ते करता येत नाही. वीज, सिमेंट, कोळसा, कागद हे सगळे उद्योग त्या यादीत आहेत. एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात हे चारही आहेत. ज्या भागात कारखान्यांच्या चिमण्या दिसतात त्याच भागातल्या पोरांना ‘हे दुय्यम आहे’ म्हणून सांगणं म्हणजे निव्वळ फोकनाड.

आता ‘कारखाना पाहिलेला नसतो’. या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. हिंगणघाट, वणी, राळेगाव, पांढरकवडा इकडच्या पोराने जिनिंग, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणारा कारखाना, पाहिलेली नसते? बापाबरोबर गाडीवर बसून तो कापूस घेऊन गेलेला असतो, काटा होईपर्यंत फाटकाबाहेर ताटकळलेला असतो. ज्याला पुस्तकात प्रोसेस कॉस्टिंग (टप्प्याटप्प्याने खर्च काढणं) आणि जॉइंट प्रॉडक्ट (एकाच मालातून एकदम निघणाऱ्या दोन वस्तू) म्हणतात, ते त्याच्या डोळ्यांसमोर चाललेलं असतं. फक्त त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हिशेब करून पाहू. समजा, एक क्विंटल कापूस आणि त्याच्या जिनिंगचा खर्च मिळून ७,००० रुपये झाले. त्यातून ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघाली, २ किलो घट आली. रुई १५० रुपये किलोने ५,१०० ची, सरकी साडेसदतीस रुपयांनी २,४०० ची. एकूण विक्री ७,५००, म्हणजे ५०० सुटले. आता ७,००० चा खर्च रुई आणि सरकीवर वाटायचा कसा? वजनाने वाटला तर सरकीच्या माथी ४,५७१ रुपये बसतात आणि ती २,१७१ रुपये तोट्यात दिसते. रुईवर मात्र २,४२९ च खर्च आणि नफा २,६७१. हा तक्ता पाहून एखादा साहेब म्हणेल, सरकी बंद करा! पण सरकीशिवाय रुई निघते का? म्हणून तोच खर्च विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटतात: रुईवर ४,७६०, सरकीवर २,२४०. आता दोन्हींचा नफा विक्रीच्या त्याच टक्केवारीत येतो आणि कुणी चुकीचा निर्णय घेत नाही.

परीक्षेत पुढचा प्रश्न येतो: सरकी तशीच विकायची की तेलघाणीत घालून तेल आणि ढेप काढून विकायची? इथे वर वाटलेल्या त्या २,२४० रुपयांकडे बघायचंच नाही. तो खर्च तर होऊन गेलाय. तेल-ढेपीचे किती जास्त येतील आणि त्यासाठी नवा खर्च किती लागेल, एवढंच बघायचं. चांगल्या मार्कांची पोरंही इथे चुकतात, जुना खर्च नव्या निर्णयात ओढून आणतात. आमच्याकडचा सरकीचा व्यापारी मात्र हे पुस्तक न वाचता बरोबर करतो.

घटीचंही तेच. २ किलो घट नेहमीची, ती चांगल्या मालाच्या दरातच मुरते. पण उघड्यावर ठेवलेली सरकी पावसात सडली आणि आणखी ३ किलो गेली, तर ती ॲबनॉर्मल लॉस. तिची किंमत चांगल्या मालाच्याच दराने काढून कॉस्टिंगच्या नफा-तोटा खात्याला टाकायची. इंटरमीजिएटच्या, म्हणजे फाउंडेशननंतरच्या टप्प्याच्या, कॉस्ट अकाउंटिंग पेपरचा मोठा भाग असल्याच गोष्टींचा आहे. ज्याला ढेपीचा भाव तोंडपाठ आहे त्याला तो परका वाटायचं कारण नाही.

इंग्रजीचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. मराठीत पेपर लिहिता येत नाही. हिंदीचा पर्याय आहे, पण अभ्यासाचं बहुतेक साहित्य इंग्रजीत असल्याने तो वाटतो तेवढा सोपा नाही. तरी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहा. गणिताच्या पेपरांत भाषा थोडी आणि आकडेमोड फार. ‘कॉन्ट्रिब्यूशन’, ‘ओव्हरहेड’ हे शब्द मराठी शाळेतून आलेलाही महिनाभरात सहज बोलू लागतो. खरी ओढाताण होते ती कायदे आणि ऑडिटच्या पेपरात, जिथे चार ओळी स्वतःच्या लिहाव्या लागतात. त्यासाठी स्पोकन इंग्लिशचा क्लास कामाचा नाही. परीक्षा घेणाऱ्या कॉस्ट अकाउंटंटच्या संस्थेची सजेस्टेड आन्सर्स (नमुना उत्तरं) समोर ठेवून रोज दोन उत्तरं हाताने लिहायची, मग न बघता लिहायची.

‘एमसीक्यू पाठ करा, चाळीस पडले की पास’ हे तर सरळ नुकसान करणारं आहे. फाउंडेशन एमसीक्यूचं आहे, हे खरं. इंटरमीजिएटला शंभरपैकी तीसच मार्कांचे एमसीक्यू असतात, बाकी सत्तर लिहून मिळवायचे. आणि चाळीस ही अट प्रत्येक पेपरची आहे, ग्रुपची नाही. ग्रुपमध्ये चार पेपर, ४०० मार्क, त्यात एकूण २०० लागतात. चारही पेपरांत चाळीस-चाळीस पडले तर बेरीज १६०. नापास. उलट ७२, ४५, ४४, ४० आले तर २०१. पास. आणि ७८, ६०, ५५, ३९ आले तर बेरीज २३२ असूनही ग्रुप अडकला. फक्त साठ किंवा जास्त पडलेल्या पेपरांतून पुढच्या वेळी सूट मागता येते.

याचा अर्थ अभ्यासाची आखणीच बदलते. एखादा हातखंडा पेपर सत्तरपर्यंत न्यायचा आणि नावडता पेपर चाळिसाच्या खाली जाऊ द्यायचा नाही. बहुतेक पोरं उलट करतात: आवडीचाच पेपर घासतात आणि डायरेक्ट-इनडायरेक्ट टॅक्स शेवटच्या पंधरवड्यावर ढकलतात. दोन्ही ग्रुप एकदम दिले तर एका ग्रुपची एकूण बेरीज कमी पडल्यास दुसऱ्यातल्या जास्तीच्या मार्कांनी भरून निघते. पण त्यासाठीही आठही पेपरांत चाळीस लागतातच.

पुण्याच्या क्लासबद्दल. संस्थेचं स्वतःचं पोस्टल कोचिंग आहे. स्टडी मटेरियल, जुने पेपर आणि सजेस्टेड आन्सर्स तिच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. गावात कमी पडते ती वेगळी गोष्ट: लिहिलेलं उत्तर तपासणारं कुणी नसतं. क्लासच्या फीमधली खरी किंमत त्याचीच असते. तालुक्यात असे दोघं-तिघं असतील तर एकमेकांचे पेपर वेळ लावून सोडवावेत, तपासावेत आणि कसूर न करता मार्क कापावेत. दोस्तीखातर दिलेले मार्क निकालात परत जातात. आणि एक सांगून ठेवतो: सिनियरकडून जुनी पुस्तकं जरूर घ्या, पण टॅक्सची घेऊ नका. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा कायदाच नवा, २०२५ चा लागू झालाय आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दरही बदलले. आपल्या परीक्षेला कुठला कायदा आहे ते संस्थेच्या सूचनेत बघूनच पुस्तक घ्यायचं.

नोकरी पक्की? कुठलीच परीक्षा ते देत नाही. संस्था कॅम्पस प्लेसमेंट घेते, पण हमी देत नाही. आणि काम मिळेल ते गावात नव्हे, बुटीबोरीत, चंद्रपुरात नाहीतर त्याहून लांब, हे आईबापांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

खेड्यातल्या पोराला खरोखर नडणारी गोष्ट त्या मेसेजमध्ये नाहीच. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये. जूनमध्ये मृग लागतो, घरात बियाण्याची आणि पेरणीची धावपळ. डिसेंबरमध्ये कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत म्हणून घरचेच हात लागतात. वर परीक्षेसाठी नागपुरात आठवडाभर मुक्काम. कोणत्या हंगामात घर आपल्याला सोडू शकतं, हे क्लास ठरवू शकत नाही. ते घरात बसूनच ठरवावं लागतं. ज्यांच्याकडे सोयाबीन जास्त, त्यांचा डिसेंबर तुलनेने मोकळा असतो. कापूसवाल्यांनी जून धरलेला बरा, पेरणीला आठ-दहा दिवस कुणी बदली माणूस मिळत असेल तर. नोंदणीची मुदत जूनच्या परीक्षेसाठी ३१ जानेवारी आणि डिसेंबरच्या परीक्षेसाठी ३१ जुलै असते.