ठसका लागला नाही म्हणजे गिळलं, असं नाही

पक्षाघातानंतरच्या गिळण्याबद्दल एक निरोप पुन्हा फिरतोय. 'नाकातून अन्नाची नळी घालू देऊ नका, घसा गिळायचं विसरतो. घरीच पाण्याने सुरुवात करा, पाणी सगळ्यांत हलकं. मान मागे धरून चमच्याने सोडा. ठसका लागला नाही की समजा घसा सुटला. घशाचे व्यायाम करा. तीन महिन्यांत नाही जमलं तर पुढे आशा नाही.' रुग्णांना पुन्हा गिळायला शिकवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा मजकूर नातेवाइकांच्या मोबाइलवर, खाटेशेजारी उभं राहून, मी बऱ्याचदा वाचलाय.

यातलं सगळ्यांत घातक वाक्य ठसक्याचं. ठसका लागायला श्वासनलिकेच्या तोंडाशी जाणीव शाबूत असावी लागते. तीच बधिर झाली तर पाणी स्वरयंत्राच्या खाली उतरतं आणि रुग्णाला पत्ताही लागत नाही. आम्ही याला सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतो. एक आजी दोन चमचे पाणी अगदी शांतपणे प्यायल्या. मुलगा म्हणाला, "बघा, काही झालं नाही." मी म्हटलं, "आजी, जरा 'आ' म्हणून दाखवा." आवाज आला तो ओला, गुळणी तोंडात धरून कुणी बोलावं तसा. पुढे बेरियम देऊन व्हिडिओ एक्स-रे काढला, तर काळी रेघ सरळ श्वासनलिकेत उतरताना दिसली. ठसका तेव्हाही नव्हताच. म्हणूनच शंका असेल तिथे हा एक्स-रे किंवा नाकातून दुर्बीण घालून तपासणी लागते. बाहेरून नुसतं बघून भागत नाही.

पाणी हलकं, हे पोटाच्या हिशेबाने खरं असेल. घशाच्या हिशेबाने ते सगळ्यांत अवखळ. पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया अनेकदा उशिरा सुरू होते आणि तेवढ्यात पाणी उघड्या श्वासमार्गापाशी पोचलेलं असतं. घट्ट केलेलं द्रव सावकाश सरकतं, घशाला वेळ मिळतो. किती घट्ट, हेही अंदाजाने ठरवायचं नसतं. आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत ० ते ७ पायऱ्या आहेत. ठरावीक लांबीच्या १० मिलीच्या सिरिंजमध्ये द्रव भरून १० सेकंद वाहू द्यायचं आणि उरलं किती ते बघायचं. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पायरी ०, म्हणजे पाण्यासारखं पातळ; ४ ते ८ मिली उरलं तर पायरी २, म्हणजे थोडं घट्ट. मात्र घट्ट पाणीही रामबाण नाही. ते रुग्णांना आवडत नाही, मग पिणंच कमी होतं आणि शरीरात पाणी कमी पडतं. त्यामुळे ते सरसकट सगळ्यांना लावणाऱ्यांशीही माझं भांडण आहे.

मान मागे धरायची? कृत्रिम श्वास देताना हनुवटी वर करतात, ती श्वासमार्ग मोकळा व्हावा म्हणून. पाजताना तोच मोकळा करून कसं चालेल? बऱ्याच जणांना हनुवटी छातीकडे झुकवून गिळणं जास्त सुरक्षित पडतं. घशाची एकच बाजू लुळी असेल तर मान त्या लुळ्या बाजूला वळवायची, म्हणजे ती बाजू मिटते आणि घास चांगल्या बाजूने उतरतो.

नळीबद्दलच्या वाक्यात अर्धं सत्य आहे. न वापरलेलं गिळणं मागे पडतं, हे खरं. पण नाकात नळी असतानाही गिळण्याचा सराव चालू ठेवता येतो आणि ठेवावा. पक्षाघाताच्या रुग्णांना अन्न कसं द्यावं हे तपासणाऱ्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या फूड ट्रायल या अभ्यासाच्या एका भागात ८५९ रुग्ण होते. लवकर नळीने अन्न दिलेल्यांत मृत्यू थोडे कमी दिसले. फरक निर्विवाद म्हणावा एवढा नव्हता, पण नळीमुळे मृत्यू वाढल्याचं तर मुळीच दिसलं नाही. नळी घातली म्हणजे श्वासनलिकेत काही उतरून होणारा न्यूमोनिया टळला, असंही नाही. लाळ गिळावीच लागते आणि अस्वच्छ तोंडातली लाळ जंतूंनी भरलेली असते. तोंडाने काहीच घेत नसलेल्या रुग्णाचे दात आणि जीभ रोज साफ करायला लोक विसरतात, याचा मला नळीपेक्षा जास्त धसका आहे.

'घशाचे व्यायाम' म्हणजे नेमके कोणते? उताणं झोपून, खांदे न उचलता फक्त डोकं वर करून पायाची बोटं बघण्याचा व्यायाम आहे. तो अन्ननलिकेचं वरचं तोंड नीट उघडत नाही त्यांच्यासाठी. जीभ कमजोर असलेल्याला त्याचा काय उपयोग? श्वास जोरात रोखून गिळण्याचे प्रकार तर हृदयरोग असलेल्यांनी विचारल्याशिवाय करूच नयेत.

राहिले तीन महिने. बहुतेकांचं गिळणं पहिल्या काही आठवड्यांतच बरंच सुधारतं. मागे राहिलेल्यांची गती मंद असते, पण तिला अशी तारीख लावता येत नाही. गिळण्याचं नियंत्रण मेंदूच्या दोन्ही बाजूंकडे असतं. १९९०च्या दशकात संशोधक शाहीन हमदी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सुधारणाऱ्या रुग्णांत न दुखावलेली बाजू अधिक काम उचलते.

त्या आजींना साधं पाणी दिलं ते चौथ्या महिन्यात, दुसरा व्हिडिओ एक्स-रे स्वच्छ आल्यावर. घोट घेतला, थांबल्या आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच 'आ' म्हणून दाखवलं.