यंदा माटोळीला तवशी विकत आणली

चतुर्थी झाली, पाहुणे गेले, आता निवांत बसून टाईप करतोय, लांबण लागणार आहे. तर यंदा आमच्या माटोळीला (गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगतो ती चौकट) तवशी, म्हणजे काकडी, विकत आणावी लागली. गोव्यात, सत्तरी तालुक्यात राहून, परसात स्वतःचा मांडव असताना, वाळपईच्या बाजारातून! आई अजून त्यावरून बोलतेय.

वेल चांगला होता हो. फुलं भरपूर, पण तवशी अंगठ्याएवढी झाली की पिवळी पडायची आणि गळायची. आधी वाटलं खत कमी पडलं, मग कोणीतरी म्हणालं फळमाशी असेल, एक कापून बघितली तर आत अळी-बिळी काही नाही. मग एक दिवस पाऊस उघडला होता, ऊन पडलेलं, तेव्हा चहा घेऊन सात ते साडेआठ तिथेच बसलो. दीड तासात मांडवावर तीन मधमाश्या आल्या. तवशीचं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं (जिच्या मागे इवलीशी तवशी असते ती मादी), मधे पराग नेणारंच कोणी नाही तर फळ धरणार कसं? शेवटी मीच नर फूल तोडून पाकळ्या काढून मादी फुलांवर फिरवत बसलो. सात फुलांना केलं, चार धरल्या, त्यातल्या दोन माकडांनी नेल्या.

माश्या कुठे गेल्या हे मला थोडंफार माहीत आहे, कारण त्यातल्या दोन पेट्या माझ्याच होत्या. सातेरी माशीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या आपल्या देशी मधमाशीच्या. (आमच्याकडे सातेरी म्हटलं की आधी देवीच आठवते, वारुळातली. माशीला ते नाव सात पोळी लावते म्हणून पडलं असं सांगतात.) पहिली पेटी फेब्रुवारीत गेली. सकाळी साडेदहाला परसात गेलो तर पेटीसमोरच्या चिऱ्यावर माश्यांचा खच, काही मेलेल्या, काही पाठीवर पडून गरगर फिरतायत, आणि मेलेल्या बहुतेकींची जीभ बाहेर. अशा ढिगाने, जीभ बाहेर काढून मेलेल्या दिसल्या की विषाचा संशय आधी घ्यायचा. बाजूच्या भाटात (बागायतीत) काजू मोहरावर होता आणि तिथे नऊ वाजता औषध मारलेलं.

शेजारचे काका वाईट नाहीत, उलट अडीनडीला पहिले तेच येतात. विचारलं तर म्हणाले, "वखद मारलें ना जाल्यार काजू खंयच्यान मेळटले?" (औषध नाही मारलं तर काजू कुठून मिळणार?) आणि ते खोटं नाही. ढेकण्या (रस शोषणारा किडा) पडला की कोवळे शेंडे आणि मोहोर भाजल्यासारखा काळा होतो, वर्षाची कमाई जाते, मग बोंडू कुठला नि त्याची हुराक (काजूची दारू) कुठली. माझं म्हणणं एवढंच की तेच औषध सूर्य मावळल्यावर, माश्या पेटीत परतल्यावर मारलं असतं तर त्यातल्या पुष्कळशा वाचल्या असत्या. आणि काजूला फळ धरायलाही कीटक लागतात, त्याचे परागकण चिकट, वाऱ्याने फारसे जात नाहीत. म्हणजे मोहोर वाचवायला मारलेल्या औषधाने मोहराचेच मजूर मारले. हे काकांना औषधाच्या दुकानात कोणी सांगितलं असेल का? बाटलीवर असतं लिहिलेलं, मुंगीच्या अक्षरात.

दुसरी पेटी जुलैत पळाली, आणि यात माझी चूक आहे. सातेरीला खायला मिळेनासं झालं की ती घर सोडते, म्हणून पावसात साखरेचा पाक द्यावा लागतो, मी आठ दिवस विसरलो. गेलो तर पेटी रिकामी, पोळ्यात मेणकिडा शिरलेला. पण आजोबांच्या वेळी पाक कोण देत होतं? तेव्हा बांधावर, गडग्यावर काहीबाही फुललेलं असायचं. आता तणनाशक मारून बांध कसा स्वच्छ, टकाटक.

हे कुणाला सांगायला गेलं की समोरून 'मोबाईल टॉवरमुळे माश्या मरतात' येतं. नाहीतर आइनस्टाईन, की माश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल. अरे तो १९५५ ला गेला, त्याच्या लेखनात हे वाक्य कुठेही सापडत नाही, आणि तसंही भाताला माशी लागत नाही, शीत मिळेल. चिबूड, दोडकी, तवशी, काजू यांची बोंब होईल. दुसरा फॉरवर्ड अमेरिकेचा, तिथे २००६ पासून पेट्याच्या पेट्या ओस पडल्या, राणी आत आणि कामकरी माश्या गायब. ते खरं आहे, पण ती माशी वेगळी. तिला छळणारा वरोआ किडा मूळचा आपल्याच माशीवरचा, आपली त्याला झटकून टाकते, तिला ते नीट जमत नाही. आपल्या सातेरीचं दुखणं निराळं. १९९१-९२ ला थाई सॅकब्रूड नावाचा व्हायरस केरळ-कर्नाटकात आला, अळी पाण्याच्या पिशवीसारखी फुगून मरते, आणि दक्षिणेत सातेरीच्या ९० टक्क्यांहून जास्त वसाहती गेल्या. इतकी मोठी गोष्ट शेजारच्या राज्यात घडली, तिचा एक फॉरवर्ड मला आजवर आला नाही.

आणि फ्लॅटवाल्यांचं तर काय सांगू. बहिणीच्या बिल्डिंगला चौथ्या मजल्यावर आग्या मोहोळ लागलं, सोसायटीने रात्री पेस्ट कंट्रोलवाला बोलावला, सकाळी वॉचमन फावड्याने माश्या भरत होता. आग्या चावली तर जीव जाऊ शकतो, भीती मला समजते. पण ती माशी ऋतूप्रमाणे मुक्काम हलवते, काही महिन्यांत आपणहून उठून गेली असती. तेवढे दिवस ती एक गॅलरी बंद ठेवायला कोण तयार नव्हतं.

आमच्याकडे परवा गवंडी आलेला, मागच्या चिऱ्याच्या भिंतीला प्लास्टर करायला. एका भोकातून मेणाची बारीक नळी बाहेर आलेली, त्यातून त्या न डसणाऱ्या छोट्या काळ्या माश्या ये-जा करत होत्या. तो थापी घेऊन उभा, मारू का म्हणून विचारत. तेवढं वीतभर सोडून बाकी भिंत करून घेतली. आई म्हणते काम अर्धवट राहिल्यासारखं दिसतं, येणारे-जाणारे विचारतात. पुढच्या वर्षी तवशीचा मांडव त्याच भिंतीजवळ घालणार आहे.