दगडाने मिळालं होतं का सोलापूरला स्वातंत्र्य?

‘उपोषणं, धरणी, निवेदनं यांनी काही होत नाही. दगड उचलल्याशिवाय सरकारला जाग येत नाही. 1930 साली सोलापूर पेटलं म्हणूनच काही दिवस स्वतंत्र झालं.’ हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय, खाली सोलापूरच्या चार हुतात्मा चौकाचा फोटो लावून. तो फोटो पाहून गप्प बसवत नाही.

पेटण्याआधीचं सोलापूर मेसेजमध्ये नाहीच. नगरपालिकेवर तिरंगा चढला, गांधीजींच्या अटकेनंतर गिरण्या बंद पडल्या, ते दगड न उचलता. 8 मेला गोळीबार झाला, चौक्या जळाल्या, पोलीस मारले गेले आणि उरलेले पोलीस शहर सोडून गेले, हे खरं. पण 12 मेला मार्शल लॉ (लष्करी कायदा) आला आणि जूनअखेरपर्यंत राहिला. गांधी टोपी घालणंही गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. त्यांना खटल्यात गोवलं, असं आपणच दरवर्षी हार घालताना सांगतो. मग त्यांनाच दगडफेकीचा दाखला कसं करता? जाळपोळीने सरकारच्या हाती आयतं निमित्त दिलं, आणि किंमत या चौघांनी मोजली.

‘उपोषण म्हणजे नाटक,’ असंही म्हटलं जातं. पण पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. 1 मे 1947 रोजी साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले आणि 10 मेला सुटले, ते विठ्ठलाचं दार दलितांना उघडण्याचं ठरल्यावरच. पण त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर गावोगाव फिरून लोकांची मनं वळवत होते. ती पायपीट वगळून नुसतं उपोषण करणाऱ्याला यश येत नाही, हे मात्र मान्य.

दलितांच्या प्रवेशासाठीचा नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाच वर्षं चालूनही दार उघडलं नाही, हेही खरंच. अहिंसा हमी देत नाही. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या संशोधकांनी 1900 ते 2006 मधल्या 323 मोठ्या लढ्यांचा हिशेब मांडला: अहिंसक लढे सुमारे 53 टक्के यशस्वी, सशस्त्र 26 टक्के. म्हणजे जवळपास निम्म्या अहिंसक लढ्यांनाही पूर्ण यश आलं नाहीच. तरी अहिंसक लढे जास्त का जिंकतात, हे समजायला अवघड नाही. मोर्चात आजी येते, नोकरदार येतो, लेकराला कडेवर घेऊन बाई येते. पहिला दगड पडला की ही सगळी माणसं घरी जातात, आणि उरलेल्या थोड्या पोरांना आवरणं पोलिसांना सोपं जातं.

राहिला ‘दगडाने लवकर काम होतं’ हा मुद्दा. सोलापुरात पूनम गेटसमोर धरणं धरून बसणाऱ्यांची दखल उशिरा घेतली जाते, कधी घेतलीही जात नाही. त्याचा संताप मलाही येतो. पण एसटीच्या काचा फुटल्या की दुसऱ्या दिवशी बातमी काचांची होते, मागणीची नाही. नंतर भरतीत निवड झालेल्या पोराची चारित्र्य पडताळणी त्या एका गुन्ह्यापायी अडते. तेव्हा त्याच्यासोबत कोर्टाच्या तारखेला मेसेज पाठवणारा कोणी येत नाही, आईच येते.