लोकांना मोकळं सोडा, जंगलाला एकटं सोडा: हे दोन्ही एकदम जमत नाही

डोंगरातल्या सरकारी जंगलांबद्दलचा एक मजकूर सध्या खूप फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: जंगल लाखो वर्षं माणसाशिवाय उभं आहे, त्याची काळजी घेणारे तुम्ही कोण? मुद्दाम जाळ करणं, झाडं तोडणं, वाटा बंद ठेवणं, आत जाणाऱ्यांकडे नोंदणी मागणं हे सगळे वनखात्याचे उद्योग. पायी चालणाऱ्याने जंगलाचं काही बिघडत नाही. तेव्हा लोकांना मोकळं सोडा आणि जंगलाला एकटं सोडा.

जंगलावर मनापासून जीव असलेल्या माणसांनीच हा मजकूर मला पाठवला, म्हणून उत्तर लिहितोय. त्याचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. लोक आत असतील तर जंगल एकटं कसं राहील?

आता पहिला मुद्दा, लाखो वर्षं माणसाशिवाय. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांतली सिकोइया झाडं पाहा. हजार-दोन हजार वर्षं जगणारी, दीड-दोन फूट जाड सालीची. त्यांच्या खोडांतल्या वर्तुळांमध्ये जुन्या वणव्यांचे व्रण सापडतात, साधारण दर दहा-वीस वर्षांनी एक. काही वणवे विजेने लागलेले, काही तिथल्या आदिवासींनी जाणूनबुजून लावलेले. म्हणजे माणूस त्या जंगलात आधीपासूनच होता. पुढे त्याला हुसकावलं गेलं आणि आग हा शत्रू ठरला. 1935 मध्ये अमेरिकेच्या वनसेवेने नियमच केला की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे.

त्याचा परिणाम दिसायला वेळ लागला. सिकोइयाचं बी ओटच्या दाण्याएवढं. बंद शंकूत ते वीस-वीस वर्षं पडून राहतं, आगीच्या धगीने शंकू उघडतो, आणि बी रुजायला पालापाचोळा जळून मोकळी झालेली माती लागते. आग थांबली तशी नवी रोपं जवळजवळ दिसेनाशी झाली. सावलीत दुसरीच झाडं दाटली आणि जमिनीपासून शेंड्यापर्यंत ज्वाळेला चढायला शिडी तयार झाली. 1968 पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने नियंत्रित जाळ सुरू केला, पण सगळीकडे तो पोचला नाही. 2020 च्या एका वणव्यात अंदाजे 7,500 ते 10,600 मोठे सिकोइया मेले. अनेक वणवे पचवलेली झाडं होती ती.

हो, आग दाबण्याची चूक खात्यांचीच होती, हे मी लपवत नाही. पण ती चूक निस्तरायलाही माणसंच लागतात. हात काढून घेतला म्हणून शंभर वर्षांचा साठलेला पाला आपोआप नाहीसा होत नाही.

दुसरा मुद्दा पायांचा. याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण वाटा दुरुस्त करण्याच्या कामाला मी अनेक वर्षं जातो. चढावरची वाट नागमोडी असते, कारण सरळ उतारावर पाणी वेग घेतं. एक जण वळण टाळून सरळ खाली उतरतो. पाल्याचा थर सरकतो, खालची भुसभुशीत माती उघडी पडते. मागच्या चार जणांना ती वाटच वाटते. पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्या रेघेतून धावतं आणि बोटभर खोल ओघळ पडतो. दोन पावसाळ्यांनी त्यात गुडघा जातो, कडेच्या झाडाची मुळं हवेत लोंबतात. असा एक ओघळ बुजवायला आम्ही सहा जण दिवसभर दगड वाहत होतो. पाणी वळवायला आडवे दगड रोवायचे, ते हलणार नाहीत इतके खोल. नंतर तोंडाशी काटेरी फांद्या टाकायच्या, म्हणजे कुणी पुन्हा तिथून उतरू नये.

“मी एकटाच तर आहे” हे इथे उपयोगाचं नाही. पाय न लागलेल्या जमिनीवर सर्वांत जास्त नुकसान पहिल्या काही चालणाऱ्यांनीच होतं. उलट पक्क्या, रुळलेल्या वाटेवर आणखी शंभर जण गेले तरी फारसा फरक पडत नाही. म्हणूनच चिखल लागला तरी वाटेच्या मधोमधच चालायचं, कडेने नाही. बूट धुता येतात, रुंदावलेली वाट अरुंद होत नाही.

आणि कधीकधी प्रश्न बुटाला चिकटलेल्या मातीचाच असतो. न्यूझीलंडच्या वायटाकेरे डोंगरांत कौरी झाडांच्या मुळांना एक रोग लागतो. तो मातीतून पसरतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. तिथल्या मूळच्या माओरी लोकांनी डिसेंबर 2017 मध्ये प्रवेशबंदी जाहीर केली, मे 2018 मध्ये नगर प्रशासनाने बहुतेक जंगल बंद केलं. नंतर लाकडी पूल आणि खडीच्या कोरड्या वाटा करत टप्प्याटप्प्याने ते उघडलं. बंद वाट पाहून मलाही चुटपुट लागते. पण तिथे बंदीची मागणी आधी त्या जंगलाशी पिढ्यान्‌पिढ्या नातं असलेल्या माणसांनी केली होती.

तिसरा मुद्दा झाडं तोडण्याचा. काळजीच्या नावाखाली लाकूड विकलं जातं, हा संशय खोटा नाही, म्हणून कुठलं झाड आणि का, हे विचारायलाच हवं. पण प्रत्येक कुऱ्हाड सारखी नसते. स्वित्झर्लंडमध्ये आंडरमाट गावाच्या डोक्यावरचं जंगल तोडायला 1397 मध्येच बंदी घातली गेली, कारण ते हिमलोट अडवतं. अशा जंगलात सगळी झाडं एका वयाची झाली तर एका वादळात एकदम आडवी होतात आणि खालचं गाव उघडं पडतं. म्हणून वनकर्मी मोजकी झाडं काढून खालच्या रोपांना ऊन मिळेल एवढी फट करतात. बुंधे उंच ठेवतात, ओंडके उताराला आडवे टाकतात, म्हणजे वरून येणारा दगड अडतो.

फळांच्या साली कुजतात म्हणून टाकायला हरकत नाही, असंही त्या मजकुरात आहे. उंच, थंड जागी त्या महिनोन्‌महिने पडून राहतात आणि जनावरांना वाटेवर यायची सवय लावतात. पिशवीत घालून परत आणा.

राहिली नोंदणी. रात्री कुणी परतलं नाही, तर शोधणाऱ्यांना तो कुठल्या बाजूला गेला होता हे त्या वहीतूनच कळतं. आणि कुठल्या वाटेवर किती पाय पडले हे माहीत असेल, तरच पुढच्या पावसाआधी दगड कुठे न्यायचे ते ठरतं.

आम्ही बुजवलेल्या त्या ओघळाच्या तोंडच्या फांद्या गेल्या खेपेला कुणीतरी बाजूला सारल्या होत्या. मधोमध ताजे ठसे होते, उतरणाऱ्याचे. आम्ही फांद्या पुन्हा लावल्या, या वेळी दगडांखाली दाबून.