चेसिस नंबर जुळत नाही म्हणून पंच मारू नका

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये व्हॉट्सअॅपवर एक संदेश सध्या फिरतोय. गाडीवरचा चेसिस नंबर, म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला ओळख क्रमांक, आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) जुळत नसेल तर जुना घासून आरसीतला पंच करून, म्हणजे ठोकून, घ्या, कुणाला कळत नाही. इंजिन बदललं असेल तर नोंदीची गरज नाही. बाकीचं प्रतिज्ञापत्रावर भागतं. आणि गाडी 50 वर्षांची झाली की विंटेज (जुन्या जपलेल्या गाड्यांच्या) नोंदणीत सगळं माफ. या चार सल्ल्यांपैकी एकही बरोबर नाही, आणि पहिला तर गाडी कायमची घालवणारा आहे.

‘कुणाला कळत नाही’ हे आधी घेऊ. पंचाचा घाव बसला की वर आकडा उमटतो, पण त्याच्याखालचं पोलादही दाबलं जातं. ग्राइंडरने आकडा गेला तरी ती दाबलेली जागा खाली राहते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो भाग गुळगुळीत करून त्यावर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण लावतात. दाबलेल्या आणि न दाबलेल्या धातूवर त्याचा परिणाम वेगळा होतो आणि पुसलेले आकडे वर येतात. चोरीच्या गाड्या अशाच ओळखल्या जातात. मग तुमच्या गाडीखालीही जुना नंबर निघाला, तर ती चोरीची नाही हे सिद्ध करत तुम्हाला फिरावं लागेल.

त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. कित्येकदा गाडीवरचा नंबर बरोबर असतो आणि कागदावरचा चुकलेला असतो. आज गाड्यांना 17 अक्षरी नंबर असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं घेतच नाहीत, कारण ती 1 आणि 0 सारखी वाचली जातात. जुन्या फियाट, अॅम्बॅसिडरच्या काळात ही काळजी नव्हती. त्यातून हाताने लिहिलेली नोंदणीची बुकं पुढे संगणकावर चढवली गेली. माझ्या मामांच्या 1967 च्या फियाटच्या मूळ बुकात 3 होता, नव्या आरसीच्या स्मार्ट कार्डावर 8 आला. पेंटर म्हणाला, ‘साहेब, एक आकडा तर आहे, अर्ध्या तासात करून देतो.’ मामांनी ऐकलं असतं तर कारकुनी चुकीपायी खरा नंबर गेला असता आणि नोंद दुरुस्त करायला पुरावाच उरला नसता. त्यांनी रॉकेल आणि मऊ ब्रशने जागा साफ केली, फोटो काढले, नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा (पेन्सिल प्रिंट) घेतला आणि जिथे गाडी पहिल्यांदा नोंदली गेली त्या कार्यालयातून रजिस्टरचा उतारा मागवला. वेळ गेला, खेटे झाले. पण निरीक्षकाने गाडी पाहून नोंद सुधारली.

नंबर खरोखरच वेगळा निघाला तर मोटार वाहन कायद्याचं कलम 55(5) लागू होतं: गाडीवरचा चेसिस किंवा इंजिन नंबर नोंदीहून वेगळा असेल, तर मालकाला बाजू मांडायची संधी देऊन नोंदणी रद्द होते. त्या संधीच्या वेळी तुमच्या हातात जुने कागद आणि हात न लावलेला नंबर असायला हवा. आदेश विरुद्ध गेला, तर कलम 57 नुसार 30 दिवसांत अपील करता येतं.

इंजिनाचं म्हणाल तर कलम 52 प्रमाणे बदललेलं इंजिन 14 दिवसांत कळवावं लागतं. अमेरिकेत मूळ इंजिन नसलं की शौकिनांच्या बाजारात जुन्या कॉर्व्हेटसारख्या स्पोर्ट्स कारची किंमत पडते. आपल्याकडे इंजिन नंबर आरसीवरच असतो, त्यामुळे प्रश्न किमतीच्याही आधी कायद्याचा आहे. इंजिन कुठून आलं त्याचं बिल जपा. ते भंगारात गेलेल्या गाडीचं असेल, तर त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागदही मागून घ्या.

प्रतिज्ञापत्र म्हणजे तुमचं शपथेवरचं म्हणणं. अर्जाला ते जोडावं लागेल, पण त्याने रजिस्टर बदलत नाही, आणि खोटं असेल तर तो वेगळा गुन्हा होतो.

विंटेजबद्दलचा दावा तर नेमका उलटा आहे. 2021 मध्ये आलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून चालते, पण मूळ स्वरूपातली. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल केलेली नाही. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, आणि ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. घोळ झालेले नंबर लपवायची ही जागाच नाही.

आणि जुनी गाडी घ्यायला गेलात आणि नंबराभोवतीचा पत्रा नव्याने घासलेला, आकडे वाकडेतिकडे किंवा नंबराच्या पट्टीचे रिव्हेट नवे दिसले, तर इसार देऊ नका. अशी गाडी आधीच घरात असेल, तर विकायच्या किंवा ‘दुरुस्त’ करायच्या आधी स्वतःहून आरटीओला लेखी कळवा आणि पोचपावती घ्या.